शेवटचं ताट उचलल्यावर

सांगलीच्या अन्नगणित केंद्रात त्या दुपारी पेढे वाटणं चाललं होतं. शहराचा शिल्लकांक पहिल्यांदाच एक टक्क्याच्या खाली आला होता. सहा वर्षांपूर्वी घराघरांत शंभर घास शिजले तर त्यातले एकोणीस उरायचे; आता धड एकही उरत नव्हता. दिल्लीहून अभिनंदनाचे निरोप येत होते, कुणीतरी हौसेने फुगेसुद्धा लावले होते. केंद्राची प्रमुख डॉ. शर्वरी खोत मात्र कोपऱ्यात उभी राहून फोनवर आईच्या तिसऱ्या तपासणीचा अहवाल वाचत होती. गाठ नाही. क्षय नाही. साखर नाही. थायरॉइड ठीक. वजन एक्केचाळीस किलो. सहा वर्षांपूर्वी ते अठ्ठावन्न होतं.

तेवढ्यात मिरजेच्या डॉ. तबस्सुम मुजावर आल्या. तीस वर्षांची प्रॅक्टिस, आणि तोंडावर बोलायची सवय. संख्याशास्त्राचे काळसेकर सर पेढ्यांचा बॉक्स घेऊन पुढे झाले.

"घ्या मॅडम, तोंड गोड करा."

"आधी हे बघा," तबस्सुमनी टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला. "मग पेढा घशाखाली उतरला तर खाईन."

गठ्ठ्यात अकरा बायकांचे कागद होते. सगळ्यात लहान चव्वेचाळीस वर्षांची, सगळ्यात मोठी शहात्तरची. अंगात रक्त नाही, हाडं ठिसूळ, दोघी मोरीत पडून खुबा मोडून आलेल्या. रोग मात्र एकीलाही नाही.

"दुष्काळातल्या माणसांचे रक्ताचे आकडे असतात ना, तसे यांचे आहेत," तबस्सुम म्हणाल्या. "आणि राहायला कुठं? विश्रामबागेत, चांगल्या चार खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. घरातली बाकीची माणसं धडधाकट. अकराही घरांत तुमचं यंत्र आहे."

"अहो, दोन लाख घरांत आहे आमचं यंत्र," काळसेकर हसले. "अकराही घरांत पंखे असतील, म्हणून पंख्यांवर खापर फोडणार का?"

"पंख्यातून कुणी जेवत नाही, सर. मला आधी एक सांगा, हे यंत्र करतं तरी काय? माझ्या घरी नाही ते. आमच्याकडे अजून मीच डब्यात वाटी बुडवते."

काळसेकरांना असं कुणी विचारलं की फार बरं वाटायचं. त्यांनी खुर्ची ओढली.

"दुष्काळाची ती तीन वर्षं आठवतात ना? तेव्हा सरकारच्या लक्षात आलं की धान्य पिकतं त्याचा पाचवा हिस्सा घरात शिजून वाया जातो. कारण काय, तर नवरा-बायको दोघं कामावर, कुणी जेवायला येतं, कुणी बाहेर खाऊन येतं, आणि 'आज काय करायचं, किती करायचं' हे कुणालाच ठरवता येत नाही. म्हणून शिधाधर. स्वयंपाकघरातलं एक कपाट. रोज सकाळी त्यातून त्या दिवसाचा शिधा मोजून बाहेर येतो: पीठ, डाळ, तांदूळ, चिरलेली भाजी, तेल, मिठापर्यंत सगळं. शिजवायचं तुम्हीच. ओट्याखाली एक तराजू, जेवणाच्या टेबलाखाली प्रत्येक पानाला एक तराजू. किती शिजलं, कुणी किती खाल्लं, पातेल्यात किती उरलं. उरलं की दुसऱ्या दिवशी तेवढं कमी. एखादं ताट पुसून खाल्लं आणि पातेलंही रिकामं, तर थोडं जास्त देऊन बघायचं. बस. एवढंच शिकतं ते, पण रोज दोन वेळा शिकतं. आता तर कुणाचा मित्र संध्याकाळी वडापाव खायला घालणार आहे तेही त्याला आधी कळतं."

"आणि हे वाचलेलं धान्य?"

"पलीकडच्या तीन जिल्ह्यांना जातं. लोक जगतात त्याच्यावर."

शर्वरी कोपऱ्यातून पुढे आली. तिने आपला फोन त्या गठ्ठ्यावर ठेवला.

"बारावे कागद," ती म्हणाली. "माझी आई."

पुढचे तीन आठवडे शर्वरीने जिवाचं रान केलं. शिधाधराच्या पिठात काही मिसळलं जातंय का, तेलाच्या नळीतून काही विरघळतंय का, भाज्यांमधली सत्त्वं उडून जातायत का, सगळं तपासलं. काही म्हणजे काही सापडलं नाही. शिधा उत्तम होता. तो खाणारे नवरे, मुलं, नातवंडं सगळे ठणठणीत होते. एकाच पातेल्यातलं अन्न एकाला लागतं आणि दुसऱ्याला लागत नाही, असं कसं होईल? ती रोज रात्री जेवताना, आता तिच्याकडेच राहणाऱ्या आईकडे बघायची, आणि आई वाढत असायची. "अजून अर्धी घे गं, दिवसभर राबतेस." शर्वरी घ्यायची. आईच्या हाताला नाही म्हणणं तिला कधी जमलं नव्हतं.

धागा शेवटी सापडला तो केंद्र भरत असलेल्या एका पारितोषिकाच्या अर्जात. त्या अर्जात एक रकाना होता: शहराचा ओला कचरा किती घटला? काळसेकरांनी महापालिकेकडून आकडे मागवले, गणित केलं, आणि चष्मा काढून पुन्हा केलं.

"शर्वरी, हे जुळत नाही. शिजलेल्या वजनात धरलं तर शहरात रोज एकशे दहा टन अन्न उरायचं थांबलंय. पण ओला कचरा घटलाय फक्त तीस टनांनी."

"गुरांना घालत असतील."

"विश्रामबागेत गुरं? बरं, धरू दोन-चार टन. कुत्री धरू, मांजरं धरू. तरी पंच्याहत्तर टन राहतंच. ते आधीही कचऱ्यात जात नव्हतं. पातेल्यात उरत होतं, पण टाकलं जात नव्हतं."

"म्हणजे कुणीतरी खात होतं," शर्वरी म्हणाली.

"जेवण संपल्यावर?"

"जेवण संपतं कधी, सर?"

काळसेकरांनी तिच्याकडे नवलाने पाहिलं. "शेवटचं ताट उचललं की. व्याख्या तुझीच आहे, बाई. पहिल्या मसुद्यात तूच लिहिलीस."

तिनेच लिहिली होती. तिच्या माहेरी तसंच होतं आणि काळसेकरांच्या घरीही. सगळ्यांची ताटं उचलली जायची, ओटा पुसला जायचा, दिवे मालवले जायचे. त्यात आई कधी जेवली हे कुणी पाहिलेलंच नव्हतं. तिचं ताट मांडलेलं शर्वरीला आठवेना. आई ओट्याशी उभी राहून पातेल्यातच भात कालवायची आणि लगेच पातेलं घासायला टाकायची. त्याला जेवण म्हणतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. यंत्राच्या लेखी ते उरलेलं अन्न होतं, आणि उरलेलं अन्न शून्यावर आणायचं हे तर यंत्राचं कामच होतं. सहा वर्षं ते रोज दोन वेळा आईच्या तोंडचा घास थोडा थोडा कमी करत आलं होतं. एकदम केलं असतं तर ती ओरडली तरी असती.

काळसेकर बोटांवर हिशेब करत होते. "पंच्याहत्तर टन, दोन लाख घरं... दर दुसऱ्या घरात एक माणूस धरलं तर त्या माणसाचं रोजचं पाऊण किलो. म्हणजे दोन वेळचं साधं जेवण."  मग ते एकदम म्हणाले, "आमच्या वहिनी हल्ली फार बारीक झाल्यात."

शर्वरीने पर्स उचलली आणि ती घरी निघाली.

त्या दिवशी शिधाधराने ज्वारीची भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, दोडक्याची भाजी आणि थोडा भात ठरवला होता. साडेआठला शर्वरी, तिचा नवरा तेजस आणि चौदा वर्षांची ओवी जेवायला बसले. शर्वरीची आई संजीवनीबाई वाढत होत्या. बोलणं नेहमीचंच: ओवीची परीक्षा, तेजसच्या ऑफिसातल्या कटकटी. जेवणं झाली, ताटं उचलली गेली, तेजस फोन घेऊन बाल्कनीत गेला, ओवी तिच्या खोलीत. एरवी शर्वरीही उठून कामाला लागायची. आज ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली.

आई आमटीच्या पातेल्यात पळी फिरवत होती. पातेलं रिकामं होतं. तिने ते तिरकं केलं, तळाशी जमलेलं चमचाभर पाणी वाटीत ओतलं. भाकरीच्या टोपलीत फडक्याला चिकटलेले तुकडे गोळा केले. भाताची खरवड उलथन्याने सोडवली. हे सगळं एका वाटीत कालवून तिने उभ्याने खाल्लं. पाच घास झाले असतील नसतील. मग तांब्याभर पाणी प्यायली, आणि पोटावर हात ठेवून क्षणभर ओट्याला टेकली.

"आई."

संजीवनीबाई दचकल्या. "अगं, तू आहेस होय! काही राहिलं का? बडीशेप देऊ?"

"तू जेवलीस?"

"हे काय, आत्ताच तर जेवले."

"एवढंच?"

"मला काय गं लागतं? म्हातारं माणूस. तुमची पोटं भरली ना, मग झालं."

"कधीपासून चाललंय हे?"

"काय कधीपासून?"

"आई, खोटं नको बोलूस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

संजीवनीबाईंनी वाटी विसळली. ती पालथी घातली. पदराला हात पुसले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं असं नाही, पण शपथ घातल्यावर मात्र त्या खोटं बोलायच्या नाहीत.

"पहिल्या वर्षी भरपूर उरायचं," त्या म्हणाल्या. "मग हळूहळू कमी व्हायला लागलं. मला वाटलं, बरोबरच आहे. वय झालं, आपलं खाणं कमी व्हायला हवं. तुझं यंत्र एवढं हुशार. तेजसरावांना किती भात लागतो, ओवी कुठल्या दिवशी भाजी खात नाही, सगळं न सांगता कळतं त्याला. मला वाटलं, माझाही हिशेब करूनच देत असेल. डॉक्टरांसारखं. लेकीने केलेलं यंत्र, ते काय आपल्या आईला उपाशी ठेवेल?"

 शर्वरी तिथेच फरशीवर बसली.

"भूक लागत नव्हती तुला?"

"लागायची की. कमी पडायला लागलं ती पहिली दोन वर्षं फार लागायची. दुपारी तुम्ही कुणी नसताना जीव नुसता कासावीस व्हायचा. पण घरात दाणा सुटा नसतो ना आता, सगळं त्या कपाटात. आणि मागायचं कुणाकडे? तुझ्याकडे? तू पेपरात येत होतीस, लोक फोन करून सांगायचे, तुमच्या शर्वरीने केवढं धान्य वाचवलं म्हणून. मग मी कुठं म्हणू, बाई गं, मला कमी पडतंय!" त्या खाली वाकल्या आणि लेकीच्या केसांवरून हात फिरवला. "नंतर लागेनाशीच झाली. बरं झालं म्हटलं. रडतेस काय वेड्यासारखी? ऊठ, फरशी गार आहे."

शर्वरी उठली ती थेट शिधाधरापाशी गेली. यंत्र बसवताना त्याने विचारलेला पहिला प्रश्न अजून तिथे होता: एका वेळी किती पानं मांडता? तिने स्वतः उत्तर दिलं होतं. तीन. तिने ते पुसून चार केलं. इतकं सोपं होतं ते. बोटाने एक आकडा बदलायचा. सहा वर्षांत तेवढं बोट तिच्याकडून हललं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून चौथं पान मांडलं गेलं. संजीवनीबाईंना जबरदस्तीने सगळ्यांबरोबर बसवलं. पण त्या अवघडून बसायच्या, चार घास खायच्या आणि म्हणायच्या, "बास गं, जात नाही." नजर चुकवून आपल्या ताटातली भाकरी ओवीच्या ताटात सरकवायच्या: "घे, वाढत्या अंगाची तू." टेबलाखालचा तराजू ते मोजायचा. आठव्या दिवशी शर्वरीने नोंद पाहिली. यंत्राने चौथ्या पानाची गरज ठरवली होती: एका वेळी एकशे नव्वद ग्रॅम. आणि ओवीचा वाटा वाढवला होता.

यंत्राचं काही चुकलं नव्हतं. भूक किती हे त्याला कळण्याचा मार्ग एकच, माणूस किती खातं. ज्याची भूक मारून टाकली त्याला थोडंच लागतं, हा निष्कर्ष अगदी बरोबर होता. शर्वरीने चौथ्या पानाचा शिधा हाताने वाढवून पक्का केला. तेवढं शिजायला लागलं आणि संजीवनीबाई तेवढंच बाकीच्यांना आग्रह करून वाढायला लागल्या. उभ्या आयुष्यात त्यांना दुसरं काही कुणी शिकवलंच नव्हतं.

इकडे शर्वरी धान्य आयुक्तांकडे गेली. तबस्सुम आणि काळसेकर सोबत होते. आयुक्तांनी सगळं नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"वाढीव शिधा द्यायला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण दोन लाख घरांना सरसकट दिला तर पलीकडचे तीन जिल्हे मी कशावर जगवू? आणि ज्या घरांत गरज नाही तिथं तो पुन्हा कचऱ्यात जाईल. तुम्ही मला कोणती घरं ते सांगा. त्या घरांचा शिधा उद्या सकाळी वाढवतो."

कोणती घरं! हे कळायला वेळ किती लागणार? सरळ विचारायचं. शिधाधराच्या पडद्यावरून दोन लाख घरांना प्रश्न गेला: तुमच्याकडे सगळ्यांच्या मागून कुणी जेवतं का? हो म्हणा, एक पान वाढवून मिळेल.

बाराशे घरांनी हो म्हटलं. बाकी सगळ्यांनी लिहिलं, आमच्याकडे सगळे एकत्रच जेवतात. ते खोटं बोलत होते असंही नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं, शर्वरीला वाटत होतं तसंच. काही घरांत तर उत्तर त्या बाईनेच दिलं होतं, कारण स्वयंपाकघरात दुसरं होतंच कोण? तबस्सुमनी आपल्या आरोग्यसेविका दारोदार पाठवल्या. बायका हसून म्हणाल्या, "आत्ताच जेवले की!" वजन करायला बोलावलं तर म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय?"

"जुन्या नोंदी बघू," शर्वरी म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी ज्या घरात रोज नेमकं तेवढंच उरायचं, तिथं खाणारं माणूस होतं."

"दोन वर्षांपूर्वीचं सगळं पुसलं जातं," काळसेकर म्हणाले. "खाजगीपणाचा कायदा. आणि गेल्या दोन वर्षांत उरलंय कुठं काय? त्या बायकांची एकमेव खूण म्हणजे ते उरलेलं अन्न, शर्वरी. ते आपणच संपवलं."

त्यानंतर दोन दिवस ते तराजूंच्या नोंदींत डोकं घालून बसले. तिसऱ्या दिवशी मात्र सकाळीच शर्वरीच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा असा, की शर्वरीला वाटलं वहिनींचंच काही बरंवाईट झालं.

"एक खूण राहिलीये," ते म्हणाले. "शेवटचं ताट उचलल्यावर ओट्याखालचा तराजू थोडा वेळ थरथरत राहतो. वजन नसतं, नुसती थरथर. आपण ती बिनकामाची नोंद म्हणून बाजूला टाकत होतो. रिकाम्या पातेल्यात पळी फिरते त्याची आहे ती. खरवडण्याची."

"मग झालंच की! ती ज्या घरात असेल..."

"भांडी घासतानाही थरथर होते. ओटा पुसतानाही. कुठली कशाची, हे यंत्राला शिकवायला आपल्याला खात्रीची घरं हवीत. बाराशेंनी भागत नाही, त्यातल्या कितींनी नुसतं वाढीव पान मिळतं म्हणून हो म्हटलं, सांगता येत नाही. अशी घरं हवीत, जिथं मागून जेवणारं माणूस नक्की होतं आणि आपल्याला कळायच्या आधीच्या नोंदी शाबूत आहेत."

"ती कशी शोधायची?"

काळसेकरांनी तिच्याकडे न बघता सांगितलं. "मृत्यूची नोंदवही. घरातलं पान कमी झालं की यंत्र शिधा कमी करतं. ज्या घरात माणूस गेलं, आणि दुसऱ्या दिवशी शिधा एक ग्रॅमसुद्धा हलला नाही... ते घर."

 शर्वरीने मनातल्या मनात त्यात चूक शोधून पाहिली. चूक नव्हती. जिवंत बाई त्या यंत्राला दिसत नव्हती. मेल्यावर, यंत्राच्या लेखी ती कधी नव्हतीच हे सिद्ध झालं, की तेवढी सापडणार होती.

तबस्सुमना केंद्रात बोलावून त्यांनी यादी काढली. गेल्या दोन वर्षांत अशी चार हजार सहाशे आठ घरं. काळसेकरांचं गणित सांगत होतं, पाच हजार झाली की यंत्र थरथर ओळखू लागेल, आणि मग एका दिवसात सगळ्या शहरातल्या बायका सापडतील. तीनशे ब्याण्णव कमी होती. शहरात आता रोज नऊ-दहा घरांची भर पडत होती.

"म्हणजे चाळीस दिवस," काळसेकर म्हणाले.

"वाट बघायची?" तबस्सुम ताडकन उठल्या. "तीनशे ब्याण्णव बायका मरायची वाट बघायची?"

"त्या सगळ्या उपासमारीने नाही जात, मॅडम. वयानेही जातात, इतर आजारांनीही."

"आणि त्यात माझ्या त्या अकराजणींसारख्या किती?"



विसाव्या दिवशी संजीवनीबाई मोरीत घसरून पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण छातीत कफ भरला. तबस्सुमनी रात्रीचा दिवस केला, शेवटी शर्वरीला बाहेर बोलावून सांगितलं, "झुंजायला अंगात काही साठाच नाही गं. मी कशाच्या जोरावर लढू?" शर्वरी डब्यात मऊ भात घेऊन जायची, चमच्याने भरवायची. आई दोन चमचे खायची आणि तिसरा हाताने मागे सारायची. "तू जेवलीस का?" एवढंच विचारायची. दवाखान्यातल्या अकराव्या दिवशी सकाळी तिने तेही विचारलं नाही. दुपारी ती गेली.

दिवसकार्य झालं. शर्वरी कामावर परतली, तेव्हा यादी चार हजार नऊशे अठ्ठ्याऐंशीवर होती. तिने पहिल्यांदा आपलं घर शोधलं. ते यादीत नव्हतं.

"तुझ्या आईला चौथं पान मिळालं होतं ना," काळसेकर हळू आवाजात म्हणाले. "त्या गेल्यावर शिधा कमी झाला. कसोटीत बसत नाही ते. मी... मी सगळ्या बाजूंनी बघितलं, शर्वरी. आधीच्या दोन वर्षांची थरथर आहे, पण ती त्यांचीच असं यंत्राला खात्रीने सांगता येत नाही."

"मी डोळ्यांनी पाहिलंय सर. पातेलं खरवडताना."

"एक घर वेगळ्या कसोटीने घेतलं तर आयुक्त उद्या सगळी यादीच अमान्य करतील."

तिला ते कळत होतं. तिने स्वतः दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. तिची आई सहा वर्षं उपाशी राहून मेली होती, आणि शहराच्या सगळ्या नोंदींत मिळून ती एका वेळी एकशे नव्वद ग्रॅम खाणारी, वेळेवर पान वाढलेली, पोटभर जेवलेली बाई होती. तिचं मरण दुसऱ्या कुणाच्या उपयोगीही पडणार नव्हतं. शर्वरीने पडदा बंद केला आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. रात्रीत मृत्यूच्या नोंदी आल्या होत्या, यंत्राने त्या शिध्याशी जुळवून ठेवल्या होत्या. चार हजार नऊशे सत्त्याण्णव. ती पडद्यासमोर बसून राहिली. साडेनऊला आकडा हलला, अठ्ठ्याण्णव. तिने चहा मागवला. मग बराच वेळ काही झालं नाही. ती पडद्यावरून नजर काढत नव्हती, चहावर साय धरली होती. सव्वा अकराला मिरजेहून एकदम दोन घरं आली.

पाच हजार.

"झाले!" ती ओरडली. खुर्चीवरून उठली, दार उघडून मोठ्याने हाक मारली, "सर! सर, झाले पाच हजार!" आणि काळसेकर पलीकडच्या खोलीतून जवळजवळ धावत आले, "अरे वा!" म्हणाले, त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. दोघंही हसत होते.

मग काळसेकरांनी हात सोडले. त्यांचं हसू आधी मावळलं. शर्वरीच्या चेहऱ्यावर ते अजून तसंच होतं, आणि ते कसं पुसायचं हे तिला कळत नव्हतं.